प्रदीपचं सिकलचं पान

प्रदीपच्या बायकोचा, संगीताचा फोन आला तेव्हा मी हुडकेश्वरच्या घरी गच्चीवर मुगवड्या उलटत होते. "ताई, हे गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे गेला?" प्रदीप धंतोलीच्या दवाखान्यात आठवडाभर होता आणि डॉक्टरांची परवानगी मिळायच्या आत घरी निघून जाण्याची त्याला खोडच होती. तिकडून संगीताचं रडणं ऐकू आलं, तेव्हा मला कळलं... इतक्या वेळा तो त्या पलंगावरून उठून आला होता, की यावेळी उठणार नाही हे माझ्या मनात आलंच नव्हतं. छातीत संसर्ग झाला आणि दोन दिवसांत संपलं. पन्नाशीही गाठली नाही त्याने. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लिहायला बसते आहे, ते त्याच्याबद्दल वाईट वाटतं म्हणून नाही. त्याने काय केलं, ते त्याच्या गल्लीतल्या लोकांनाही ठाऊक नाही, म्हणून.

प्रदीप गजभिये नंदनवनला राहायचा. चौकात त्याचं टायपिंगचं लहानसं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, विद्यार्थ्यांचे प्रबंध, जे येईल ते. त्याला जन्मापासून सिकलसेल होता. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडापासून पोटापर्यंत कुठेही असं दुखतं की धडधाकट माणूस लोळण घेतो. आमच्या विदर्भात हा आजार घराघरांत आहे. प्रदीपच्या घरी त्याच्या आधी एक बहीण याच आजाराने गेली होती, आणि आजाराचं नाव घरात कळलं ते ती गेल्यावर.

आमची ओळख झाली ती एका कॉलेजच्या संगणक खोलीत. इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो आणि कोणालाही लिहिता येतो असा जो ज्ञानकोश आहे, त्यात मराठीतून कसं लिहायचं याची कार्यशाळा होती. मी मराठी शिकवते, म्हणून गेले होते. बाहेर एप्रिलचं ऊन, आत गारेगार एसी, आणि मागच्या रांगेत एक सडपातळ माणूस पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसलेला. थोड्या वेळाने त्याने हात वर केला. "एसी बंद करता का जी? मले गारवा चालत नाही." सगळ्यांनी वळून पाहिलं. शेवटी एसी बंद झाला आणि आम्ही सगळे घामाने निथळत ज्ञानकोशाचे नियम शिकलो. चहाच्या वेळी मी जरा चिडूनच त्याला म्हटलं, "तुमच्यामुळे आमची भट्टी झाली." तो हसला. "तुमची भट्टी झाली ताई, पण गारव्यानं माहं दुखणं उठते. मी दवाखान्यात जाता जाता वाचलो." मग त्याने त्याच्या फोनवर ज्ञानकोशातलं सिकलसेलचं मराठी पान दाखवलं. चार-पाच ओळी होत्या, कुणीतरी यंत्राकडून भाषांतर करून टाकलेल्या. त्यात आजाराचं नाव दिलं होतं, 'आजारी पेशींचा आजार'. इंग्रजी 'सिकल' म्हणजे विळा, तो यंत्राने 'सिक' वाचला होता; विळ्याचा पत्ताच नव्हता. "आमच्या लोकायनं हे वाचाचं?" तो म्हणाला. "मी याच्यासाठीच आलो."

त्या रात्रीपर्यंतही तो थांबला नाही. दुकानात जाऊन संध्याकाळीच त्याने मोठा मजकूर लिहिला. दुखणं कसं सुरू होतं, माणसाला काय वाटतं, घरच्यांनी काय करावं. मी वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी पाहते तर मजकूर गायब. कुडाळचे सावंत म्हणून एक जुने संपादक होते, निवृत्त शिक्षक. त्यांनी तो काढून टाकला होता. कारण दिलं होतं, 'संदर्भ नाही. वैयक्तिक अनुभव.' पानाच्या मागे चर्चेची जागा असते, तिथे प्रदीपने लिहिलं, 'संदर्भ मी स्वतः आहे. माझ्या हाडांना विचारा.' सावंतांचं उत्तर आलं, 'आपल्याबद्दल आदर आहे. पण ज्ञानकोशात छापील, तपासलेला आधार लागतो.'

प्रदीप इतका संतापला की त्याने मला फोन करून ज्ञानकोशाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "चाळीस वर्षं मी हे भोगून राहिलो, अन् हा कुडाळचा माणूस मले पुरावा मागते!" आता हा पुन्हा तिकडे फिरकणार नाही असं मी धरून चालले. चार-पाच दिवसांनी तोच माझ्या कॉलेजच्या फाटकाशी उभा. म्हणाला, "ताई, तो माणूस बराबर बोलला. आज माहा अनुभव चालला, तर उद्या कोनाचाबी चालन. मंग खरं-खोटं कसं करता?" आणि लगेच विचारलं, "मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत आपल्याले बसू देतात का?"

बसू दिलं. त्याच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. त्यानंतरचं वर्षभर आमचे रविवार त्या पानावर गेले. तो जाड पुस्तकांतून एकेक वाक्य शोधायचा, मी मराठी नीट करायचे, आणि आमची भांडणं व्हायची. विळ्याला संस्कृतात दात्र म्हणतात, म्हणून मी एकदा 'दात्रपेशी' असा शब्द घातला. त्याने कपाळावर हात मारला. "कोनाच्या घरी बोलतात असं? दवाखान्यात माय पोराले घेऊन येते, तिले रिपोर्टावरचं 'एस-एस' समजते, 'सिकल' समजते. तुमचा दात्र पाहून ती पान बंद करन." मी म्हटलं, "मराठीत शब्द नको का?" "पायजे ना. पण आधी तिले समजू द्या." शेवटी 'सिकल' ठेवला आणि शेजारी 'विळ्याच्या आकाराच्या पेशी' असं लिहिलं. सावंत लांबून पाहत असत. कधी एखादा स्वल्पविराम दुरुस्त करत, कधी एखादं वाक्य कच्च्या आधाराचं म्हणून परत पाठवत. प्रदीप कुरकुरायचा आणि पक्का आधार शोधून आणायचा. कुठलाही मोबदला नाही, पानावर नाव नाही. संगीता वैतागायची. "दुकानात गिऱ्हाईक उभं राहते अन् हे पान लिवत बसतात!"

मग तो काढा आला. एक दिवस पानावर नवी ओळ दिसली. एका काढ्याने सिकलसेल मुळापासून बरा होतो, रोजच्या गोळ्यांची गरज उरत नाही. खाली काढा विकणाऱ्या एका संकेतस्थळाचा दुवा. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नव्हतं. प्रदीपने ओळ काढली. ती परत आली. त्याने पुन्हा काढली, ती पुन्हा आली. एकमेकांचं लिखाण असं सारखं पुसत राहिलं तर दोघांनाही थांबवतात, हा नियम त्याला पाठ होता. पण डोकं फिरल्यावर नियम कोण पाहतो! दोघांनाही काही काळ लिहायची बंदी झाली आणि वाद मिटेपर्यंत पानाला कुलूप लागलं. कुलूप लावणाऱ्या व्यवस्थापकाने पान जसं होतं तसंच ठेवलं... म्हणजे काढ्याच्या ओळीसकट.

या मनस्तापात त्याचं खाणंपिणं सुटलं, पाणी कमी पडलं आणि दुखणं उठलं. धंतोलीला त्याला भरती केलं. मी भेटायला गेले तेव्हा सलाईन लागलं होतं आणि ओठ कोरडे पडले होते. शेजारच्या पलंगावर भिवापूरकडची एक लहान मुलगी होती, तिलाही हाच आजार. तिच्या आईने प्रदीपला फोन पुढे केला. "भाऊ, तुमी शिकलेले दिसता. पाहा ना, इथं लिवलं हाय, काढ्यानं बरं होते म्हनून. पोरीच्या गोळ्या बंद कराव का?"

प्रदीपने पाहिलं. त्याचंच पान होतं.

"नोको माय," तो म्हणाला. "ते खोटं हाय. बाकीचं पान मी लिवलं, ती ओळ माही नाही."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, सलाईनकडे पाहिलं. "तुमी लिवता? मंग काढून काहून नाही टाकत?"

नियम, कुलूप, व्यवस्थापक, हे सगळं त्या बाईला कसं सांगणार? त्याने एवढंच म्हटलं, "मले थोडा वेळ दे. तवरक गोळ्या चालू ठेव. डॉक्टर आले की त्यायलेच विचारू." डॉक्टर आल्यावर त्याने तिच्यासमोर विचारलंही. गोळ्या बंद करायच्या नाहीत असं डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं. पण ती खोलीबाहेर गेल्यावर प्रदीप मला म्हणाला, "हिले मी भेटलो, ताई. बाकीच्यायले कोन भेटन?"

मग त्याने माझ्याकडे फोन मागितला आणि सावंतांशी बोलला. त्यांना थेट फोन करायची ती पहिलीच वेळ. मी स्पीकर लावला होता. प्रदीपने शेजारच्या पलंगावरची सगळी हकिगत सांगितली. सावंत म्हणाले, "गजभिये, राग बाजूला ठेवू. तुमच्या मजकुराला मी जी कसोटी लावली, तीच या ओळीला लावू. तुमच्याजवळ काय काय आधार आहे ते सांगा, मी चर्चेत मांडतो. तुम्ही आता पडून राहा." प्रदीप कसला पडून राहतो! उजव्या हाताला सुई होती, म्हणून तो पुस्तकांची नावं आणि मुद्दे तोंडी सांगत गेला, मी लिहून पाठवत गेले. संगीता पलीकडून, "आता बस करा ना हो," म्हणत त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होती. सावंतांनी चर्चा सुरू केली. जळगावची एक औषधशास्त्राची प्राध्यापिका आली, लातूरचा एक डॉक्टर आला. कोणी कोणाला कधी पाहिलेलं नव्हतं. काढेवाल्याकडे आधार मागितला गेला. त्याच्याजवळ त्याच्याच जाहिरातीखेरीज काही निघालं नाही. व्यवस्थापकाने ओळ काढली आणि नाव न देता कोणालाही त्या पानात बदल करता येणार नाही अशी सोय केली.

प्रदीपला अजून सुट्टी मिळाली नव्हती. त्याने त्या बाईला हाक मारली. "माय, आता पाय तुह्या फोनमंदी." तिने बोटाने वर-खाली करून पाहिलं. "गेलं वं बाई!" ती मुलीला म्हणाली, आणि मग प्रदीपकडे वळून, "तुमी खरंच लिवता!" मी प्रदीपला लग्नसमारंभात पाहिलं आहे, त्याच्या मुलीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं आहे. पण त्या दुपारी त्याच्या तोंडावर जो आनंद होता, तसा मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

त्यानंतर तो काही वर्षं जगला. दुखणं यायचं, जायचं, पान वाढत गेलं. तो गेल्यावर सावंतांनी चर्चेच्या पानावर चार ओळींची श्रद्धांजली लिहिली आणि लगेच खाली प्रश्न टाकला, 'लग्नापूर्वीच्या रक्ततपासणीचा भाग अपुरा राहिला आहे. तो कोण पूर्ण करील?' मला आधी ते कोरडं वाटलं. मग वाटलं, प्रदीपला हेच आवडलं असतं.

तो प्रश्न मी संगीताला सहज वाचून दाखवला. मागच्या रविवारी तिने मला नंदनवनला बोलावलं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा संगणक आहे. खिडकीच्या फटींना त्याने कागद चिकटवलेले आहेत, वारा येऊ नये म्हणून. मला वाटलं, ती सामान आवरायला मदत मागेल. तिने आरोग्य केंद्रातून आणलेली एक छापील पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. "लग्नाच्या आधी यायनं मले सोता तपासणीले नेलं होतं," ती म्हणाली. "माहे मामा लय बोलले, पोरगी पाहाले आला का रक्त पाहाले आला म्हणून. पण मी गेली. माह्या रक्तात सिकल नाही निंगाला, अन् दोघायकडून आला तरच हा आजार होते, म्हनून आमच्या पोरीले नाही. हे मी लिवलं तर चालत नाही, मले मालूम हाय. पण या पुस्तकात तेच लिवलं हाय. कुठी टाकाचं, ते सांगा."

मी तिच्या नावाने खातं उघडून दिलं आणि ती खुर्चीत बसली. तिला टायपिंग येत नव्हतं. एकेक अक्षर शोधत होती. मी दोनदा म्हटलं, "मी करते," आणि दोनदा तिने माझा हात बाजूला केला. 'लग्नापूर्वी दोघांनीही रक्त तपासून घ्यावे' याला बराच वेळ लागला. मग पुस्तिकेचं नाव, पान. तिने बटण दाबलं आणि पडद्याकडे पाहत राहिली.

"आता हे कोनालेबी दिसन?"

"कोणालाही."

तिने डोळे पुसले, पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.