तो मरेपर्यंत गोड नाही

वैरी मेल्याचा आनंद करावा की करू नये, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ज्याचं काही गेलेलं नसतं त्यालाच असले प्रश्न सुचतात, असं मी समजत होते. माझं सगळंच गेलं होतं. आमचे हे आमच्या गावचे पोलीस पाटील होते. धानोऱ्यापासून बरंच आत, जंगलात, नदीच्या काठाला आमचं गाव आहे. भर रोवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, दुपारच्या वेळी दलमवाले नक्षलवादी आले. यांना धानाच्या बांधीतून बोलावून नेलं आणि खबऱ्या ठरवून वेशीवर मारून टाकलं. पायाचा चिखलसुद्धा धुवू दिला नाही. बांधीवर येऊन हाक मारणारा माणूस परका नव्हता. नदीपलीकडच्या गावचा दसरू होता तो. दलमात त्याला दुसरं नाव होतं म्हणे, पण आमच्यासाठी तो दसरूच. "पाटीलभाऊ, जरा या ना इकडे," असं त्यानं अगदी साध्या आवाजात म्हटलं होतं. मी तिथंच रोवा लावत होते. माझ्याच कानांनी ऐकलं.

आमच्याकडे तेरवीला गोड करतात. सगे-सोयरे जमतात, घरच्यांच्या तोंडात गोड घास घालतात आणि सुतक संपतं. यांच्या तेरवीला माझ्या जावेनं बुंदी माझ्या ओठापर्यंत आणली आणि माझं डोकंच फिरलं. भरल्या पंगतीतून उठले, तशीच अनवाणी पहाडीवरच्या माऊलीच्या ठाण्यावर गेले. तिथं देऊळ असं काही नाही. मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आणि नवसाला वाहिलेले मातीचे घोडे, बस. आमच्या गावचे लोक तिला मानतात आणि नदीपलीकडचे गोंडही मानतात. तिच्यापुढे डोकं आपटून मी म्हटलं, "माये, त्या दसरूचा जीव जाईस्तोवर मी तोंडात गोड घालणार नाही. ज्या दिवशी तो मरेल त्या दिवशी तुझ्यापुढे बसून पेढा खाईन आणि साऱ्या गावाचं तोंड गोड करीन." मागोमाग आलेल्या बायांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

नवस करणं सोपं हो, निभावणं कठीण. मी अंगणवाडीत सेविका होते. पोरांसाठी रोज शिरा शिजवायचा, पण चव घ्यायची नाही. दिवाळी आली की दार लावून बसायचं. मोहफुलाच्या दिवसांत सारं रान गोड वासानं भरून जातं, पण एक फूल म्हणून जिभेवर ठेवलं नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि माझा नवस, दोघंच राहत होतो. खरं सांगते, त्या नवसानंच मला जगवलं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार त्याचाच. मेला असेल का? आज तरी मेला असेल का? लोक मला मान द्यायचे, पण हळूहळू कोणी लग्नाला बोलवेनासं झालं. गोड न खाणारी बाई पंगतीत बसली की सगळ्यांचाच घास अडतो. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

आणि मग या चैतात एका दुपारी बातमी आली. चकमक झाली, दसरू त्यात गेला. माझा पुतण्या धानोऱ्याला दुकान चालवतो. तो मोटारसायकलवर पेढ्यांचा डबा घेऊनच आला. कुणी फटाके लावले, कुणी डफ काढला. माझं अंगण माणसांनी भरून गेलं. यांच्या तेरवीनंतर इतकी माणसं माझ्या अंगणात कधी आली नव्हती. पुतण्या पेढा हातात धरून समोर उभा राहिला.

"काकू, उघडा तोंड! संपला एकदाचा हरामखोर!"

माझे ओठच उघडेनात. मी म्हटलं, "आधी माऊलीपुढं, मंग तोंडात. नवस तसाच हाय."

"मंग उद्या ट्रॅक्टर काढतो. सारे जाऊ वाजतगाजत."

कोपऱ्यातून एक म्हातारे भजनी हळूच बोलले, "अरे, मेलेल्या मानसावर काऊन नाचता? देवाले आवडन का?" पुतण्या उसळला. "रावण जाळतो तवा कोनी रडते का भाऊ? नाचतेच ना सारे?" सगळे हसले. मीही हसले असेन. पण मनात आलं, आपण इकडे रावण जाळतो तेव्हा नदीपलीकडच्या गावात त्याच रावणाची पूजा करतात. पाण्याच्या या काठाला जो वैरी, तो त्या काठाला कुणाचातरी देव. असलं काही माझ्या डोक्यात यावं याचाच मला राग आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस दारात उभा होता आणि माझ्या आत काही हलत नव्हतं. ना आनंद, ना रडू. यांना परत कुणीतरी मारलं असं मात्र वाटलं. अंगण रिकामं झालं, फटाक्यांचे कागद झाडून काढले आणि मी एकटीच चुलीपुढे बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पेढ्यांचा डबा आणि नारळ पिशवीत टाकला आणि कुणाला न सांगता निघाले. ट्रॅक्टर निघायच्या आत मला नवस फेडून मोकळं व्हायचं होतं. एवढ्या लोकांसमोर पेढा तोंडात घातला आणि चेहऱ्यावर आनंद दिसला नाही तर काय म्हणतील, याची मला भीती वाटत होती. आणि खोटं हसणं माऊलीपुढं चालत नाही. मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया लांबून दिसत होत्या, पण ठाण्यावर कुणी नसेल असं वाटलं होतं.

तिथं एक म्हातारी बसलेली होती. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, वाळलेली, पायात काही नाही. पुढ्यात पळसाच्या पानावर गुळाचा खडा. तिनं मान वर करून विचारलं, "आगपेटी हाय का बाई? मायी भुलून राह्यली घरी."

मी आगपेटी दिली. तिचे हात इतके कापत होते की काडी पेटेना, मग मीच दिवा लावून दिला. तिनं गूळ माऊलीपुढे ठेवला, कपाळ टेकवलं आणि गोंडीत काहीतरी पुटपुटत राहिली. झाल्यावर मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "नवस व्हता का?"

"हो ना बाई. पोरगा घरी यावा म्हनून. लय सालं झाले. आज येऊन राह्यला."

गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात असेल, सुट्टी मिळाली असेल, असं मला वाटलं. "मंग चांगलं झालं ना मावशी," मी म्हटलं.

तिनं माऊलीच्या दगडाकडे बोट केलं. "चांगलं का वंगाळ, ते इलेच मालूम. गडचिरोलीवरून गाडीत घालून आनून राह्यले त्याले. म्या म्हटलं व्हतं, माये, त्याले घरी येऊ दे. जिता येऊ दे म्हनाचं भुलली मी."

तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कपाळ तेच, भुवया त्याच. दसरूची माय. मी होते तिथंच खाली बसले. ती आपली बोलतच होती, कुणाशीतरी बोलायला मिळालं म्हणून. माऊलीनं तिचं म्हणणं ऐकलं, आता कबूल केलेला गूळ नाही दिला तर बरोबर होणार नाही. पोरगा चुकला असेल, पण माऊली चुकली नाही. याच दगडापुढे आम्ही दोघींनी डोकं टेकवलं होतं. मी म्हणत होते मरू दे, ती म्हणत होती येऊ दे, आणि माऊलीनं दोघींना एकदमच हो म्हटलं होतं.

तेवढ्यात तिनं गूळ फोडला आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला. "घे माय, परसाद. दुसरं कोनीच नाई आलं संगं."

उठून जावं, तिच्या हातावर थुंकावं, मी कोण आहे ते ओरडून सांगावं, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. ते मी लपवत नाही. पण ती गूळ पुढे धरूनच होती, आणि प्रसादाला नाही म्हणायचं आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मी हात पुढे केला. तुकडा तोंडात घातला. इतक्या वर्षांनी जिभेला गोड लागलं आणि मला असं रडू फुटलं की आवरता आवरेना. यांच्यासाठी रडत होते, माझ्या वाया गेलेल्या वर्षांसाठी रडत होते, आणि हो, त्या पोरासाठीही रडत होते, कारण रडायला बसलं की वेगवेगळं करता येत नाही. तिला वाटलं मी तिच्या दुःखानं रडतेय. पदरानं तिनं माझे डोळे पुसले. आपलं माणूस गेल्यावर माझे डोळे असे कुणी पुसलेच नव्हते.

जाताना ती म्हणाली, "लाकडाचीच फिकर हाय बाई." आमच्या भागात गावात मयत झालं की प्रत्येक घर सरणाला एक लाकूड देतं. भांडण असो, अबोला असो, लाकूड द्यायचंच. पण दसरूसाठी लाकूड द्यायला तिच्या गावचे घाबरत होते. दिलं तर चौकशी लागेल, नाव येईल, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत दार लोटून बसला होता.

मी नारळ फोडला नाही. पेढे तसेच घरी आणले. पुतण्या ट्रॅक्टर घेऊन दारात उभाच होता. मी म्हटलं, "फिटला नवस. जाऊन आली मी."

"एकटीच? आन् पेढे तर इथीच हायेत ना काकू!"

"तोंड गोड झालं," एवढंच मी सांगितलं आणि घरामागे जाऊन सागाचं एक लाकूड ओढून काढलं. कशाला, ते विचारल्यावर सरळ सांगितलं. पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. "काकाले मारलं त्यानं काकू! त्याले लाकूड?" तो ओरडत नव्हता, रडायच्या बेतात होता. मी लाकूड डोक्यावर घेतलं आणि नदीत उतरले. चैतात पाणी घोट्याएवढंच असतं.

त्यांच्या गावाच्या वेशीवर गाडी येऊन गेली होती. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो जमिनीवर, आणि शेजारी ती एकटी. माणसं लांब उभी. मला पाहताच कुणीतरी कुजबुजलं, "पाटलीन हाय ना थे. त्या पाटलाची." मी लाकूड त्याच्याजवळ खाली ठेवलं. मनात क्षमा वगैरे काही नव्हती, उगाच मोठेपणा घेऊन काय करू? लाकूड जड होतं आणि मान दुखत होती, एवढंच खरं. म्हातारीनं मान वर केली. "सकारी सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तर परसाद देल्ला असता का?"

"देल्ला असता," ती म्हणाली. "परसाद व्हता." आणि मग लहान पोरीसारखी माझ्या पायांना मिठी मारून बसली. मीही खाली बसले. थोड्या वेळानं मागे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. एका माणसानं लाकूड आणून टाकलं होतं. मग दुसऱ्यानं आणलं. दारं उघडत गेली. त्या दिवशी त्याला लाकडं कमी पडली नाहीत. हे कुणी केलं, कसं झालं, ते मी कशाला सांगू? ज्यानं त्यानं आपापलं समजावं.

माझ्या गावानं मात्र मला माफ केलं नाही. पुतण्या अजून दारात येत नाही, बाया पाण्यावर भेटल्या तर मान फिरवतात. यांचा फोटो भिंतीवर आहे, त्यांच्याशी बोलते तेवढंच. कधीकधी विचारते, चुकलं का हो माझं? पूर्वी सोबतीला द्वेष होता, आता तोही नाही. घर फार रिकामं वाटतं. पण झोप लागते. यांचा चेहरा आठवताना आता मध्ये दसरूचा चेहरा येत नाही, नुसते हेच दिसतात, बांधीत वाकलेले, चिखलानं माखलेले. एवढं मिळालं, हे थोडं नाही. त्यासाठी मी माऊलीची जन्माची ऋणी आहे.

अजूनही मी पहाडीवर जाते. कधी ती म्हातारी भेटते, आम्ही दोघी मोहाखाली बसतो. मी दिवा लावते, डोकं टेकवते आणि उठते. काही मागत नाही. माऊली ऐकत नाही म्हणून नव्हे. ती ऐकते, सगळ्यांचंच ऐकते, आणि काय मागावं हे मला कळत नाही, म्हणून आता ते तिच्यावरच सोडलं आहे.