नानांची एक ओळ

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते टंकलेखक होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. बोलता बोलता ते अहिराणीत शिरत, ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ म्हणत. कॉम्प्युटर आला तरी ते कळा टाइपरायटरसारख्याच बडवत आणि माऊस बाजूला सरकवून ठेवत. दुपारच्या सुटीत जाड मॅन्युअल वाचत बसत. आम्ही हसायचो.

कॉलेजच्या वेबसाइटचं उद्‌घाटन दुसऱ्या दिवसावर आलं, आणि कितीतरी लिंका दाबल्यावर पानच उघडेना. आम्ही तिघे प्राध्यापक सकाळपासून एकेक लिंक दाबून पाहत होतो. निम्मी साइटही तपासून झाली नव्हती.

"सरका जरा, भाऊ," नाना म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवर आज्ञा द्यायचा काळा पडदा उघडून एकच ओळ टाइप केली. कॉम्प्युटर स्वतःच प्रत्येक लिंक तपासत गेला आणि तुटलेल्या लिंकांची यादी भराभर उमटू लागली. यादीवरून आम्ही संध्याकाळपर्यंत सगळ्या दुरुस्त केल्या.

उद्‌घाटनाला प्रत्येक पान उघडलं. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी आम्हा तिघांकडे कौतुकाने पाहिलं. "कोणी केलं हे?"

आम्ही तोंड उघडण्याआधीच, एरवी मान खाली घालून वावरणारे नाना पुढे आले.

"बठ्ठ्या तुटेल लिंका मीच शोध्यात, साहेब!"

त्यांचा इतका खणखणीत आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता.