स्टार्टरमधली काडी

दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्यामुळे गेली. अकरा वर्षं मी हे घरात कुणाला कळू दिलं नाही. आता लिहितो आहे, कारण तीच चूक आमच्या भागात अजून होते आहे.

"वरून दिसतं तेवढंच जळालेलं नाही," औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले. दादाच्या उजव्या तळव्यावर रुपयाएवढा काळा डाग होता आणि डाव्या टाचेला छोटी जखम. आमच्या गावाहून, वडीगोद्रीहून, जीपमध्ये तो बोलत आला होता. "करंट हातातून शिरून पायातून निघाला. वाटेतलं मांस आतून भाजलं आहे."

त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. याला मायोग्लोबिन्युरिया म्हणतात. जळालेल्या स्नायूंचा अंश लघवीत उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून सांगतो, शॉक बसलेला माणूस चालता-बोलता असला तरी त्याला दवाखान्यात न्या.

घडलं ते असं. लाईट गेली की विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. लाईट परत आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. तेवढ्यासाठी मळ्यात कोण थांबणार? मग बटन दाबून त्याच्या फटीत आगपेटीची काडी खोवायची. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. मी काडी खोवली आणि जेवायला घरी गेलो.

दादाचं हायवेला टेलरिंगचं दुकान. शेती मी पाहायचो. त्या दिवशी दुकान बंद म्हणून तो मळ्यात आला. मोटरीच्या केबलचा जोड सैल दिसला. लाईट नव्हती आणि आली तरी स्टार्टर पडलेलाच असणार, या हिशोबाने त्याने जोड उघडला. मी परत पोचतो तोच लाईट आली. ओरडणं ऐकून मी धावत मेन स्विच पाडला. माणसं जमायच्या आत काडी उपटून विहिरीत टाकली.

"माझाच धक्का लागला असंल बटनाला," दादा डॉक्टरांना म्हणाला. मी शेजारीच उभा होतो.

पहिल्याच दिवशी फॅसिऑटॉमी केली, म्हणजे आतल्या सुजेने रक्त अडू नये म्हणून हाताला लांब चीर दिली. सातव्या दिवशी अंगठ्याशेजारची दोन बोटं काढली. मग मांडीची कातडी तळव्याला लावली. मूत्रपिंडं वाचली. चाळीस दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो.

दवाखान्याचा खर्च एकदाच झाला. दुकान आठ महिने बंद राहिलं, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ते नुकसान मोठं. शेवटी वहिनी मशीनवर बसल्या. बोटात सुई घुसली की त्या म्हणायच्या, "मेन बंद करायला काय मुहूर्त पाह्यचा व्हता का तुमाला?"

"बराबर हाय तुझं," दादा म्हणायचा.

पण तो हरला नाही. डाव्या हाताने खडूची रेघ मारायला शिकला. अंगठा आणि अनामिकेत कात्री धरून आधी रद्दी कापली, मग अस्तर. दोन वर्षांनी पहिला सदरा बेतला तो माझा. आज पुन्हा पूर्वीसारखी गर्दी असते.

गेल्या महिन्यात शेजाऱ्याच्या स्टार्टरमध्ये काडी दिसली. मी मेन पाडला, काडी काढली आणि तडक दुकानात आलो. ती कापडावर ठेवली.

वहिनी हसल्या. "हे काय भाऊजी? बिडी सोडल्ती ना तुम्ही?"

"वहिनी, दादाचा धक्का बटनाला लागलाच न्हवता. त्या दिवशी अशीच काडी मी लावल्ती. त्याला सांगितलं न्हाई, अन् नंतर विहिरीत टाकून दिली. इतकी वर्षं त्यानं तुमचं ऐकून घेतलं, ते सगळं माझ्या वाट्याचं व्हतं."

मशीन थांबली. दादाने कात्री खाली ठेवली. मी त्याचा तो तीन बोटांचा हात दोन्ही हातांत धरला.

"दादा, माझं चुकलं. मला माफ कर."