मशीनच्या तोंडासमोर

नांदगावजवळ हायवेच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे. आंबा-काजूच्या बागांना लागणारा काळा पाइप आम्ही काढतो. मशीन जुनं आहे. कोल्हापुरात ते विकणाऱ्याशी मी दिवसभर घासाघीस केली, शेवटी त्यानेच हात जोडले. चालवतो माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याइतका एकसारखा पाइप माझ्या हातून निघत नाही.

त्याची एक सवय होती. मशीन सुरू करताना तो डायला, म्हणजे पाइप बाहेर पडतो त्या तोंडाला, उदबत्ती ओवाळायचा आणि अगदी समोर उभा राहून डोळे मिटून हात जोडायचा. मशीनचं तोंड म्हणजे देवाचं तोंड.

वीज गेली की आतलं प्लास्टिक थिजतं. पुन्हा हिटर लावले की कडेचं आधी वितळतं, मधला गोळा घट्टच राहतो आणि त्याच्या मागे वायू कोंडतो. घाईने आतला, प्लास्टिक पुढे ढकलणारा स्क्रू फिरवला तर सगळं तोंडातून उडतं. उमेदीची वर्षं मी वापीच्या कारखान्यात काढली. तिथे एकाच्या गालावर असं उडालेलं मी पाहिलं आहे. चिकटलेलं प्लास्टिक ओढून काढता येत नाही. पाण्याखाली गाल धरून तो माणूस ओरडत होता.

गेल्या पावसाळ्यात दुपारी लाइट गेली आणि बऱ्याच वेळाने आली. मी ऑफिसातून आलो तेव्हा हिटर पुरते तापले नव्हते, स्क्रू फिरू लागला होता आणि मेव्हणा तोंडासमोर डोळे मिटून उभा. मी ओरडलो नाही. खांद्याला धरून ढकललं. पाइप गुंडाळणाऱ्या बायकांसमोर तो उदबत्तीसकट आडवा झाला.

आणि काहीही उडालं नाही. मी स्क्रू बंद करीपर्यंत तोंडातून लाळेसारखं थोडं प्लास्टिक ओघळलं, बस्स.

"देवाक हात जोडूक पण तुमची परवानगी व्हयी काय, भावोजी?" म्हणाला आणि चप्पल घालून गेला.

वाडीत गोष्ट पसरली ती अशी, की मी पाया पडणाऱ्या माणसाला ढकललं. गाल शाबूत राहिला हे कोणाला दिसणार? उडालं असतं तर माझी बाजू खरी ठरली असती. घरात बायको म्हणाली, "तोंडान सांगूक काय झाला होता?" डोळे मिटलेल्या माणसाला, मशीनच्या आवाजात, तोंडाने काय सांगणार? मी ताट सरकवून उठलो. तेव्हापासून मशीन मीच चालवत होतो. पाइप कधी जाड, कधी पातळ. कंबर मोडली होती.

दसऱ्याला बायकोने त्याला पूजेला बोलावलं. तो आला, माझ्याकडे न बघता. मेन स्विच बंद होता. थंड मशीनच्या तोंडाला त्याने झेंडूचा हार घातला, समोर उभा राहून मनसोक्त पाया पडला. मग हार काढून हिटर लावले आणि तापेपर्यंत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. स्क्रू सुरू करायच्या वेळी तो पुन्हा उदबत्ती घेऊन समोर निघाला.

"शंकराच्या देवळात नंदीच्या आणि पिंडीच्या मधी उभो रवतस काय रे?" मी बसूनच विचारलं.

तो थांबला. "नाय. बाजूक रवतंय."

"मगे?"

"ह्या काय देऊळ आसा?"

"तूच म्हणतस ना, देव म्हणान?"

बायको पदराआड हसली. तो उदबत्ती घेऊन बटणांच्या पॅनेलच्या बाजूला सरकला आणि तिथून हात जोडून स्क्रू हळू सुरू केला. पाइप सरळ, एकसारखा बाहेर आला. काही उडालं नाही.

"बघलात? आजय काय झाला नाय," तो मला ऐकवून म्हणाला.

एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण तो बाजूला उभा होता, आणि मला फार थकवा आला होता. मी म्हटलं, "उद्या सकाळी येतलस?"

"बघूया," तो म्हणाला, आणि पाइपाची जाडी बोटाने तपासू लागला.