बाबांच्या ऑपरेशनची तारीख

निघायच्या सकाळी बाबांनी आमच्या घाटकोपरच्या खोलीत देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "माझो झील परमुलखाक जाता हा, तेचो सांभाळ कर रे म्हाराजा," असं ते म्हणत होते आणि चाळीतली सात-आठ माणसं दारात उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मला लाज वाटत होती. सहार विमानतळावर जायची टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती आणि माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

बाबांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. मी मस्कतला एका वीजकेंद्राच्या बांधकामावर प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून निघालो होतो. बाबांना त्याचं भारी कौतुक, पण काम नेमकं काय ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. "म्हंजे तू बांधूचंस नाय, नुसते कागद करतलंस?"

काम तसं कागदाचंच होतं. भिंतभर कागदावर प्रत्येक कामाची एक पट्टी काढायची आणि कुठलं काम कशावाचून अडलंय ते बाणांनी दाखवायचं. पाया झाल्याशिवाय बॉयलर नाही, बॉयलर बसल्याशिवाय पाइप नाहीत. एखादं काम लांबलं की पुढच्या सगळ्या तारखा पुसून नव्या घालायच्या. त्याला आम्ही रिव्हिजन म्हणायचो. मी त्यात तरबेज झालो, साहेब खूश होते.

माझी सुट्टी मात्र त्या कागदावर कुठेच नव्हती. पहिल्या वर्षी गणपतीला येतो म्हणालो. बॉयलरचं जहाज रखडलं, म्हणून दिवाळी सांगितली. मग शिमगा. चाळीखालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करायचो, ते बाबांना बोलावून आणायचे. "घाई करू नको. तुझा काम आधी. तू इलंस काय मगे बघूया," एवढंच बाबा दर वेळी म्हणायचे. काय बघूया, हे मी एकदाही विचारलं नाही.

शिमग्याला आठ दिवस असताना तार आली. मी पोचलो तेव्हा काकांनी अग्नी देऊन दोन दिवस झाले होते.

बाबांना हर्निया होता. मला कुणी कळवलं नव्हतं. "साधं ऑपरेशन होतं," डॉक्टर म्हणाले. "तीनदा तारीख ठरवली मी. दर वेळी मुलगा येऊ दे म्हणायचे." गणपतीनंतरची, दिवाळीनंतरची, शिमग्यानंतरची. माझी प्रत्येक रिव्हिजन त्यांनी निमूटपणे आपल्या तारखेला लावून घेतली होती. शेवटी आतडं अडकलं आणि इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला. शेकडो कामं कशावाचून अडलीत ते मला तोंडपाठ होतं, आणि हे एक काम माझ्यावाचून अडलंय ते दिसलं नाही. मला अजून त्याची चीड येते. खरं सांगायचं तर बाबांचीही येते.

आईवर मी ओरडलो, "मला सांगायचं ना गं? चार दिवसांत आलो असतो."

 आई म्हणाली, "तेंका भीती वाटत होती रे. कापूक घेतले की तू तेंका उशाक होयो होतंस. पण ह्या फोनवर कसा सांगतले?"

तुमच्यापैकी जे बाहेर गेलात, त्यांना एवढंच सांगतो. घरचे 'सगळं ठीक आहे' म्हणाले की तिथे फोन ठेवू नका, आणखी एक प्रश्न विचारा. आणि जे मागे राहिलात, तुम्ही आमच्या कामाचा इतका मान ठेवू नका.

पुढे मी कायमचा परत आलो, मुलुंडला फ्लॅट घेतला, आईला तिथे नेलं. काही वर्षांनी आई तिथेच वारली. घाटकोपरला असताना घर म्हणजे माणसांनी भरलेली एक खोली होती आणि मला तिथून सुटायची घाई झाली होती. आता खोल्या तीन आहेत, उजेड भरपूर आहे. वाटेल तेव्हा साइटवर जातो, महिनाभर राहतो, कधी परतणार हे कुणाला सांगावं लागत नाही. आपल्यावाचून जिथे कुणाचं तरी अडून राहतं, ते घर, असं मला वाटतं. माझ्यावाचून आता कुणाचंच काही अडत नाही.