नव्यासारखे टायर

मामांची गाडी जितकी पुसली गेली तितकी चालली नाही. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली, त्याला कारण होतं. मुळशीकडे त्यांचा एक लहानसा प्लॉट होता आणि तिथवर पोचवणारा रस्ता मातीचा होता. पावसाळ्यात साध्या गाड्या त्यात रुतायच्या. म्हणून त्यांनी उंच, डिझेलवर चालणारी फोर-बाय-फोर घेतली. तिच्या गिअरशेजारी आणखी एक छोटी दांडी आहे. ती ओढली की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर लावतात. पुढे प्लॉट विकला गेला. गाडी राहिली.

राहिली म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, करड्या कव्हरखाली. रोजची कामं स्कूटरवर व्हायची. रविवारी मामा कव्हर काढायचे, इंजिन चालू करून थोडं गरम होऊ द्यायचे, छोटी दांडी मागेपुढे करून बघायचे आणि कव्हर पुन्हा घालायचे. दसऱ्याला झेंडूचा हार. वर्षाकाठी एखाददुसरं लग्न. शेजारी विचारायचे, "काय, आज निघणार का रथ?" मामा म्हणायचे, "कशाला? पाऊस आहे." पाऊस नसला तर म्हणायचे, "कशाला? ऊन आहे." वस्तू जपायची तर ती वापरू नये, हे त्या सोसायटीत कोणाला चमत्कारिक वाटत नसे. बऱ्याच घरांत काचेचे चांगले पेले कपाटात आणि स्टीलचे वापरात होते.

गाडी खऱ्या अर्थाने बाहेर पडू लागली ती मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. मामीची थोरली बहीण वाघोलीला राहते. पक्षाघातानंतर ती अंथरुणावर आहे. बोलते, पण शब्द शोधत. तिची सून बाकीचे दिवस घरून काम करते, गुरुवारी तिला ऑफिसला जावं लागतं. तो दिवस मामीचा. पूर्वी मामी दोन बस बदलून जायची. नव्या गुडघ्याने बसची पायरी चढणं डॉक्टरांनी बंद केलं. मग मामांनी कव्हर काढलं, घडी केली आणि डिकीत ठेवलं. उन्हाळाभर गुरुवार सुरळीत गेले.

श्रावणातल्या एका गुरुवारी मला विमाननगरला काम होतं, म्हणून मीही मागच्या सीटवर होते. पाऊस मोठा नव्हता. भुरभुर, रस्ता फक्त ओला आणि काळा दिसावा एवढीच. घरातून निघतानाच मामांनी छोटी दांडी ओढली होती. "चारही चाकं धरून ठेवतात," ते म्हणाले. येरवड्याच्या पुढे एका उतारावर समोरच्या टेम्पोचे लाल दिवे लागले. मामांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. काही क्षण ती सरळ घसरत गेली, मग तिचा मागचा भाग उजवीकडे सरकला आणि दुभाजकाला टेकला. टेम्पो तोवर पुढे गेलेला होता. आवाज फारसा झाला नाही. मामीच्या मांडीवरचा डबा जागच्या जागी होता.

कोणाला काही लागलं नव्हतं. बंपरला ओरखडा होता. मागून आलेली एक स्कूटरवाली रेनकोटची टोपी मागे सारून शेजारी थांबली.

"काका, झेपत नसेल तर घरी बसा ना! एवढं मोठं धूड कशाला आणता रस्त्यावर?"

मामी काच खाली करत होती. तिला उत्तर द्यायचं होतं. मामा म्हणाले, "राहू दे. बरोबर बोलतेय ती."

त्या वाक्याने मला घसरण्यापेक्षा जास्त धक्का बसला. मामांना एखादी व्यक्ती बरोबर बोलते असं म्हणताना मी क्वचितच ऐकलं होतं.

ते वाघोलीपर्यंत गेले आणि परत आले, पण रिक्षाच्या वेगाने. संध्याकाळी परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. ओरखड्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता.

"बाबा, प्लीज. आता विका ती. वयाचा पण काही विचार आहे की नाही?"

"आहे," मामा म्हणाले. "विकू."

मुलगा वादाची तयारी करून बसला होता. तो थेट गिऱ्हाईक शोधतो म्हणाला.

माझ्या वर्तमानपत्राच्या कामात अपघाताच्या बातम्या रोज हाताखालून जातात. त्यात एक वाक्य तयारच असतं: चालकाचे नियंत्रण सुटल्याने. ते खोटं नसतं. पण नियंत्रण का सुटलं, हे त्यात नसतं, आणि जागेअभावी पुढे कोणी विचारत नाही. मामांच्या घरातही त्या आठवड्यात हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोललं गेलं. सगळ्यांत जास्त ते मामांनीच मान्य केलं होतं. त्यांनी स्कूटरही काढली नाही. मंडईत भाजीला जाणं त्यांचा जुना शिरस्ता. त्या शनिवारी कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून मेथी आली.

पुढच्या गुरुवारी मी सकाळी त्यांच्याकडे गेले, कारण मामी फोनवर नीट बोलली नव्हती. ती साडी नेसून, डब्याची पिशवी घेऊन इमारतीच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाऊस लागला होता. मामा वरच होते. मामीचा मोबाइल स्पीकरवर होता, पलीकडे कॅबवाला.

"ड्रॉप कुठंय मॅडम?"

"वाघोली."

"नगर रोड? तुम्ही कॅन्सल करा."

"मी का करू? तुम्हाला यायचं नाही, तुम्ही करा."

"मी केली तर माझं रेटिंग जातं ना."

"आणि मी केली तर माझी बहीण उपाशी राहते. कोणाचं काय जातंय बघा आता."

त्याने फोन ठेवला. पुढच्या दोघांनीही तेच केलं, फक्त कमी बोलून. शेवटी मामीने बहिणीच्या सुनेला फोन लावला, आणि सुनेने रजा टाकली. "मावशी, असू दे हो," ती म्हणत होती, पण या महिन्यातली तिची ही पहिली रजा नव्हती आणि ते मामीला माहीत होतं. फोन ठेवून मामी मला म्हणाली, "एकदा चालेल, दोनदा चालेल. मग ते बाई ठेवतील, आणि बाईच्या हातून ताई जेवत नाही. म्हणजे दर गुरुवारी ती उपाशीच." 

आम्ही वर गेलो. डबा उघडून आमच्याच पानांत वाढायचा ठरला. वरणासाठी कुकर लावला, तर शिट्टीच होईना; झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत राहिली. मामीने गॅस बंद केला, झाकण गार केलं आणि आतली रबरी रिंग ओढून बाहेर काढली. ती रिंग नवी होती. म्हणजे कालच पाकिटातून काढलेली. पाकीट मात्र कित्येक वर्षं खणात पडून होतं, वेळेला असावी म्हणून. मामीने ती वाकवली. रिंग लाकडासारखी कडक लागली आणि एका जागी बारीक चीर पडली.

मामी रिंगकडे बघत उभी राहिली. मग मला म्हणाली, "चल खाली."

"कुठे?"

"चल तर."

पार्किंगमध्ये तिने गाडीवर पुन्हा चढलेलं कव्हर स्वतः वर केलं, खाली वाकता येत नव्हतं म्हणून हात लांबवून मागच्या टायरच्या वरच्या कडेला अंगठ्याचं नख दाबलं. नख उमटलं नाही. शेजारच्या घरातली रोज आयटी पार्कला जाणारी लहान गाडी त्या दिवशी तिथेच उभी होती. तिच्या टायरला दाबलं. तिथे रबर किंचित आत गेलं आणि पुन्हा वर आलं. मग तिने मला वाकायला लावलं. टायरच्या बाजूला बनावटीचे चार आकडे एका चौकटीत असतात: आधी आठवडा, मग वर्ष. वर्ष गाडी विकत घेतली त्याच्याही आधीचं होतं. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्या उभ्याने दिसत नव्हत्या.

मामांना खाली बोलावलं. ते आले आणि सवयीने खाचेत बोट घालून म्हणाले, "अगं, ह्या खाचा बघ. नव्यासारखे आहेत. झिजलेत कुठे?"

"झिजायला चालवली कुठे?" मामी म्हणाली. "अहो, खाचा नव्या आहेत, रबर म्हातारं झालंय. तुम्ही नाही."

 मामांनी स्वतःचं नख लावून पाहिलं. एका टायरला, मग चारही टायरांना. आयुष्यभर कारखान्यात माल तपासलेला माणूस एका नमुन्यावर निकाल देत नाही. उठताना त्यांनी गाडीला हात टेकला आणि म्हणाले, "पण चारही चाकं लावलेली होती."

हा प्रश्न मी नंतर आमच्या वाहनांवर लिहिणाऱ्या सहकाऱ्याला विचारला. त्याचं म्हणणं सरळ होतं. चारही चाकांना जोर मिळाला तर गाडी चिखलातून निघते, चढ चढते. थांबायच्या वेळी त्याचा उपयोग जवळपास नाही. थांबवतं ते रस्त्याला टेकलेलं रबर, आणि ब्रेक तर चार चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात. उलट अशा जुन्या बांधणीच्या गाडीत डांबरी रस्त्यावर ती दांडी ओढून वळलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढतात. निघताना गाडी घट्ट वाटते, म्हणून चालवणारा निर्धास्त होतो आणि अंतर कमी ठेवतो. मी हे मामांना जसंच्या तसं सांगितलं. शेवटचं वाक्य ऐकून ते म्हणाले, "ते खरं आहे. टेम्पोच्या फार जवळ होतो मी." म्हणजे सगळा दोष टायरांचा नव्हता. पण सगळा वयाचाही नव्हता, आणि त्या घरात त्या क्षणी एवढं पुरेसं होतं.

शनिवारी नवे टायर बसवले. दुकानात मामांनी आधी आकडे वाचले, मग बसवू दिले. जुन्यांतला एक स्टेपनी म्हणून ठेवावा असं त्यांच्या मनात होतं.

"चांगला दिसतोय गं."

"मग कुंडी करा त्याची," मामी म्हणाली.

स्टेपनीही नवी घेतली.

तरी मामांनी गुरुवारची वाट बघितली नाही. रविवारी सकाळी पाऊस पडत असताना मला फोन आला: येतेस का? वाघोलीत एका नव्या लेआउटचे रस्ते तयार आहेत, इमारती अजून नाहीत. मामांना तिथे जाऊन बघायचं होतं. काय बघायचं, ते फोनवर बोलले नाहीत. मुलाने एक गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं आणि त्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

नगर रस्त्याने मामा डावीकडून, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून गेले. त्या अंतरात दर मिनिटाला एक दुचाकी घुसत होती. मागचा एक जण सारखा हॉर्न देत होता. "वाजवू दे," मामी म्हणाली. "त्याला घाई आहे, आपल्याला बहीण आहे."

लेआउटचा रस्ता सरळ, रुंद आणि पूर्ण रिकामा होता. कडेला विजेचे खांब आणि गवत. मामांनी गाडी थांबवली.

"तुम्ही दोघी उतरा."

मी उतरले. मामी बसून राहिली.

"उतर म्हटलं ना."

"मी बसले नाही तर परीक्षा कसली? रोज कोणाला न्यायचंय?"

मामांनी छोटी दांडी दोन चाकांवरच राहू दिली. मी छत्री धरून एका खांबापाशी उभी होते. तो खांब आला की ब्रेक, असं ठरलं होतं. गाडी आली. वेग येरवड्याला होता साधारण तेवढाच. खांबापाशी नाक खाली गेलं, पाण्याची एक चादर बाजूला उडाली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. मागचा भाग हलला नाही.

मामा मागे आले, पुन्हा गेले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून नेली. स्टिअरिंग हलकं झालं तसा पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, ब्रेकला पाय न लावता गाडी पाण्याबाहेर येऊ दिली आणि मग दाबला. थांबली. नंतर त्यांनी रस्त्याच्या टोकाचं वळण आधीच वेग कमी करून घेतलं. मी मोजणं सोडून दिलं. बऱ्याच वेळाने काच खाली झाली.

"बस आत," मामा म्हणाले. ते हसत होते. मामी डोळे पुसत होती आणि चष्म्यावर पाऊस आला असं सांगत होती. तिच्या बाजूची काच सगळा वेळ बंद होती.

तिथून बहिणीचं घर जवळच होतं. सुनेने दार उघडलं आणि आम्हाला तिघांना ओलं बघून आधी घाबरली. बहीण उशीला टेकून बसलेली होती. तिने मामीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"आज... गुरुवार?"

"नाही गं, रविवार. असंच आलो."

"एवढ्या... पावसात?"

"ह्यांनी आणलं," मामी म्हणाली आणि पदराने हात पुसून तिच्याजवळ बसली.

बहिणीने बराच वेळ शब्द शोधला. आम्ही थांबलो. "मग गुरुवारी?"

मामीने मामांकडे बघितलं. मामा दारातच, चपला हातात घेऊन उभे होते.

"येऊ," ते म्हणाले. "पाऊस असला तर अर्धा तास लवकर निघू."