जुलैची सही

कागद हातात दिला की ते आधी तो उलटा करून कोरी बाजू बघायचे. मग सरळ करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “झालं म्हणतोस. पण कोणी बघितलं?”

“मी बघितलं ना सर.”

“तू केलंस. बघितलं कोणी?”

वर्षभर मी हा प्रश्न ऐकला. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. तो चुकीचं काही बोलत नसतो, आणि म्हणूनच तो जास्त डोक्यात जातो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही तोंडावर त्यांना ‘सर’ म्हणायचो आणि पाठीमागे ‘कोणी बघितलं’.

भाईंदरजवळ काशीगावच्या आतल्या रस्त्याला आमची व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी होती. एका अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. तिकडे तेव्हा नवा कायदा आला होता. हिशेब बरोबर आहेत एवढं सांगून भागत नव्हतं. चूक किंवा लबाडी झालीच तर ती पकडायची काय सोय आहे, आणि ती सोय खरोखर चालते का, हेही तिकडच्या साहेबांना सरकारकडे लेखी द्यावं लागायचं. आमच्याकडची सोय तपासायला आणि तिच्यातली भोकं बुजवायला सरांना वर्षाच्या करारावर घेतलं होतं. ते उत्तनजवळच्या चौक गावचे. वडील मासेमारी करायचे, हे रात्रीच्या कॉलेजात शिकून अकाउंट्समध्ये आलेले. ऑफिसात एरवी साफ मराठी बोलायचे, पण चिडले की ‘न्हाय’ बाहेर पडायचं. आम्हाला तो इशारा पाठ झाला होता.

पहिल्याच आठवड्यात त्यांना माझ्या कीबोर्डखाली पासवर्डची चिठ्ठी सापडली. त्यांनी ती वाचली आणि होती तिथेच ठेवून दिली. आमच्या गोडाऊनमध्ये एक बोका होता, राजा नावाचा. दोन दिवसांनी मॅनेजरच्या टेबलावर नव्या सप्लायरच्या मंजुरीचा फॉर्म गेला, ‘राजा एंटरप्रायझेस’. पत्ता म्हणून आमच्याच गोडाऊनचा. मॅनेजर फोनवर बोलत होता, त्याने फोन खांद्यावर धरूनच सही ठोकली.

सरांनी आम्हा सगळ्यांना मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. फॉर्म पुढे ठेवला आणि म्हणाले, “याचा मालक बघायचा असेल तर चला, आत्ता गोणीवर झोपलाय.”

आम्ही हसलो. मॅनेजर हसला नाही. सर गेल्यावर तो मलाच म्हणाला, “अरे यार, ये आदमी काम करने देगा की नहीं?” सरांनी तो फॉर्म माझ्याच पासवर्डने भरला होता, त्यामुळे मला मान खाली घालून उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून सप्लायर नोंदवणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा आणि पैसे सोडणारा वेगळा. जे काम मी दहा मिनिटांत करायचो, त्याला दोन दिवस लागू लागले.

मग ते कॅशियर काकांच्या मागे लागले. काका मूळचे महाडकडचे. अकरा वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती आणि ते अभिमानाने सगळ्यांना सांगायचे. सर म्हणाले, “हाच तर धोका आहे. तुमची वही दुसऱ्या कोणी कधी बघितलीच नाही. दहा दिवस घरी बसा.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्यावर संशय घेताय?”

“संशय असता तर तुम्हाला इथेच ठेवून लक्ष ठेवलं असतं,” सर म्हणाले. “तुम्ही नसताना काम कसं चालतं ते बघायचंय.”

दहा दिवस काकांची वही दुसऱ्याने सांभाळली. काहीही सापडलं नाही. काका परत आले ते जास्तच चिडलेले, कारण घरी आहेत म्हणून काकूंनी त्यांच्याकडून सगळं घर रंगवून घेतलं होतं. सरांनी त्यांच्या फाइलवर लिहिलं, ‘तपासलं, ठीक आहे.’ काकांनी तो कागद झेरॉक्स काढून घरी नेला. सरांशी मात्र महिनाभर बोलले नाहीत.

आता माझ्याकडे येतो.

सरांनी जी भोकं दाखवली होती, त्यात सर्वांत मोठं हे होतं की बँकेचा हिशेब आणि आमची वही दर महिन्याला काका जुळवायचे, पण ती जुळणी दुसरं कोणीच बघत नव्हतं. नवा नियम झाला. काका जुळवतील, दर महिन्याच्या दहा तारखेला मी ते तपासेन आणि सही करेन. हा नियम नीट चालताना दिसला, की वर्षाअखेर अमेरिकेला कळवायचं होतं, ‘दोष दूर झाला.’

“नियम केला ना, मग आत्ताच लिहा की दूर झाला,” मॅनेजर म्हणाला होता.

“जाळं शिवलं म्हणजे झालं का?” सर म्हणाले. “चार वेळा पाण्यात टाकून ओढून बघायला लागतं.”

पहिले दोन महिने मी तपासलं. मग जुलै आला आणि मी टायफॉइडने आडवा झालो. नया नगरातल्या घरून भाऊ मला भाईंदरच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथे सर मला बघायला आले. चौक गावाहून बसने, हातात दोन शहाळी. माझी विचारपूस करायच्या आधी त्यांनी सलाईनची बाटली न्याहाळली आणि नर्सला विचारलं, “ही लावताना दुसऱ्या कोणी बघितली का?”

नर्स मल्याळी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आप डॉक्टर है?” बाटली बरोबरच होती. पण शेजारच्या पेशंटने घाबरून आपलीही बाटली बघायला लावली. मी चादरीत तोंड लपवलं. सरांनी शहाळं फोडून आणलं, मला उठवून बसवलं आणि संपेपर्यंत पेला मला खाली ठेवू दिला नाही.

मी कामावर परतलो तेव्हा कामाचा ढीग साठला होता. जुलैचं तपासणं राहिलं, ऑगस्टचं राहिलं, सप्टेंबरचंही. ऑक्टोबरात कळलं की सर आठवड्याभरात फाइल मागणार आहेत. एका दुपारी दार लावून मी तिन्ही कागद घेतले, भराभर नजर फिरवली, आकडे जुळत होते. तिन्हींवर सह्या केल्या आणि खाली तारखा टाकल्या. दहा जुलै, दहा ऑगस्ट, दहा सप्टेंबर. दोन वेगळी पेनं वापरण्याइतका मी हुशार होतो.

सरांनी फाइल उघडली. जुलैचा कागद उलटा केला, सरळ केला, चष्मा कपाळावर चढवला.

“दहा जुलैला कुठे होतास?”

“ऑफिसला,” मी म्हणालो.

“मग शहाळं मी कोणाला पाजलं?”

मला घाम फुटला. आणि घाम फुटल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. चिडलो.

“सर, आकडे बघा ना! एका पैशाचा फरक नाही. सही जुलैत केली काय आणि आज केली काय, काय बिघडलं?”

“आकडे बरोबर हायत हे तुला कधी कळलं?”

“परवा.”

“मग तीन महिने तुला काय म्हायत होतं?”

खरं तर काहीच माहीत नव्हतं. काकांनी कंपनी विकून खाल्ली असती तरी मला कळलं नसतं. काका सज्जन होते म्हणून वाचलो, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं.

मी कागद फाडायला घेतले. त्यांनी माझं मनगट धरलं. “फाडायचं न्हाय. तारखेवर एक रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिही, तपासणी आणि सही नंतर केली. आणि खरी तारीख घाल.”

“माझी नोकरी जाईल सर.”

“जाईल की न्हाय मला म्हायत न्हाय,” ते म्हणाले. “लिही.”

मी लिहिलं. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला होता की अक्षर कागदाच्या मागे उमटलं.

रिपोर्ट गेला तो ‘दोष कायम आहे’ असा. त्याआधी मॅनेजरने दोन दिवस त्यांना समजावलं. पहिल्यांदा चहा पाजून, मग आवाज चढवून. तीन कागदांचाच प्रश्न आहे, अमेरिकेत बसून कोण बघणार? सरांनी एकही ओळ बदलली नाही. त्यांनी माझं नाव घातलं नव्हतं, ‘तपासणाऱ्याने’ एवढंच. पण ऑफिसात तपासणारा एकच होता. अमेरिकेहून कडक पत्र आलं. मला लेखी ताकीद मिळाली. आणि डिसेंबरात सरांचा करार संपला, तो मॅनेजरने पुढे वाढवला नाही.

पुढच्या वर्षी मी दर दहा तारखेला तपासलं. दात-ओठ खात, पण तपासलं. एका महिन्यात मला एक सप्लायर दोनदा दिसला, एकाच बिलाचे दोन चेक. काकांची साधी नजरचूक होती. काका पांढरेफटक पडले, मग माझा हात धरून म्हणाले, “बरं झालं बाबा, तू बघितलंस.” त्या वर्षाअखेर आमचा दोष कागदावरून गेला. सरांना सांगायला जाऊ, या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ असं मी करत राहिलो. मग नोकरी बदलून वापीला गेलो. तिथे काकांचा फोन आला, की सर गेले, हार्ट अटॅकने, महिना झाला.

मला ते आठवतात ते त्यांच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशीचे. मॅनेजर मुद्दाम साइटवर निघून गेला होता, त्यामुळे निरोप-समारंभ वगैरे काही नव्हता. दुपारीच ते निघाले. हातात एक पिशवी होती. मी अजून रागावलेलोच होतो, पण स्कूटर काढली आणि म्हणालो, “बसा.” भाईंदर ओलांडलं, मिठागरं मागे पडली, उत्तन आलं. चौक गावात त्यांच्या घरापुढे बोंबील वाळत होते आणि त्यांची बायको काठीने कावळे हाकत होती.

“आज येवढ्या लवकर?” तिने विचारलं.

“काम सुटलं,” ते म्हणाले.

तिने काठी भिंतीला टेकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “याला जेवायला बसव.”

आम्ही दोघं जमिनीवर बसलो. तिने भात वाढला, सुरमईचं कालवण वाढलं आणि समोर बसली.

“कोनामुलं सुटलं?” तिने विचारलं.

मी भाताकडे बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी मी होकारार्थी मान हलवली असती. कारण ते खरंच होतं, आणि या माणसाने खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

“माज्यामुलं,” ते म्हणाले. मग तिच्या हातातली पळी घेतली, भांड्यात खालपर्यंत घातली आणि सुरमईचा मोठा तुकडा काढून माझ्या ताटात वाढला.